यकृत वर कळवतं

आमच्या बिल्डिंगमधले डॉक्टर पेडणेकर कुणी भेटलं तर नमस्कार करत नाहीत. "आ कर," म्हणतात. समोरचा भांबावून तोंड उघडतो. डॉक्टर त्याच्या तोंडाशी नाक नेतात, डोळे मिटून एक लांब श्वास घेतात, आणि एकतर "ठीक" म्हणून चालू पडतात, नाहीतर मनगट धरून विचारतात, "शेवटचं कधी जेवलास?"

लिफ्टमध्ये, वाण्याकडे, गणपतीच्या आरतीत, कुठेही. नव्या भाडेकरूंना वॉचमन आधीच सांगून ठेवतो की चौथ्या मजल्यावरचे साहेब तोंड हुंगतील, घाबरायचं नाही, जनावरांचे डॉक्टर आहेत. ह्या खुलाशाने अजून कुणाचं समाधान झालेलं नाही. सोसायटीने त्यांचं नाव हुंगेकाका ठेवलंय, आणि ते इतकं मुरलंय की परवा एक कुरिअरवाला जिन्यात उभा राहून ओरडत होता, "हुंगे कौन है, हुंगे?"

एकदा मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी लिफ्टमध्येच अडवलं. आ करायला लावलं, आणि म्हणाले, "ऑफिसला जाऊ नका. रिक्षा करा आणि हॉस्पिटलात जा. आत्ता." सेक्रेटरी चिडले, पण गेले. साखर इतकी चढली होती की त्यांना थेट आयसीयूत ठेवलं. तेव्हापासून सेक्रेटरी लिफ्टमध्ये शिरतानाच तोंड उघडून शिरतात.

मी पत्रकं काढते. आमची वस्ती अंधेरी पूर्वेला, जोगेश्वरीची हद्द लागते तिथे. पाणी, गटार, रेशन, भाडेवाढ, ज्या ज्या गोष्टीचा माणसाला राग यायला हवा आणि येत नाही, त्या सगळ्यांवर मी पत्रकं काढते. आमच्या संघटनेत पाच माणसं आणि एक भोंगा आहे. भोंगा कधीकधी बंद पडतो, मी पडत नाही. असं आई म्हणते, आणि ती कौतुकाने म्हणत नाही.

काकांची आणि माझी पहिली भेट पत्रकावरूनच झाली. मी गेटपाशी वाटत होते. वर मोठ्या अक्षरात मथळा होता, 'भुकेल्यांनो, उठा'. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"चूक आहे."

"काय चूक आहे?"

"भुकेला उठतोच. त्याला सांगायला लागत नाही. तो डबे उघडून बघतो, आईवर ओरडतो, चोरी करतो. ज्याची भूक मेली, तो उठत नाही. त्याच्यासाठी काढ पत्रक."

"काका, भूक ही राजकीय गोष्ट आहे."

"भूक ही यकृताची गोष्ट आहे. आ कर."

रस्त्यात चार लोक बघत होते. मी आ केला. काकांनी श्वास घेतला. "चहा, चहा आणि चहा. आधी वडापाव खा, मग क्रांती कर."

माझ्या आयुष्यात मला निरुत्तर करणारे फार लोक झालेले नाहीत, आणि जे झाले त्यांच्यावर मी नंतर पत्रक काढलेलं आहे. ह्यांच्यावर काढता आलं नाही. कारण मी खरोखरच वडापाव खाल्ला आणि माझा आवाज सुधारला.

यकृत हा काकांचा देव. नोकरीभर त्यांनी एकच गोष्ट शोधली. जनावर खायला का लागतं, आणि मुख्य म्हणजे, खाताना थांबतं का. "सगळ्यांना वाटतं भूक पोटात असते," ते सांगतात. "पोट खोटारडं आहे. पाणी प्यायलास तरी गप्प बसतं. शिकलेल्यांना वाटतं भूक मेंदूत असते. मेंदू साहेब आहे. साहेब कधी गोदामात उतरलाय? आतड्यातून येणारा माल आधी यकृताच्या दारात उतरतो. यकृत म्हणजे गोदामावरचा कारकून. तो माल बघतो, आणि वर कळवतो की साहेब, आलं, बस. मग साहेब ऐटीत सांगतो, मला आता नको."

हे वर कळवायला यकृतापासून मेंदूकडे जाणारा एक मज्जातंतू असतो. काका त्याला तार म्हणतात. पुरावा म्हणून कुत्र्याचा दाखला देतात. भुकेल्या कुत्र्याच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत थोडी साखर सोडली, तर तो भरल्या थाळीवरून तोंड फिरवतो. तीच साखर मानेच्या शिरेत सोडा, खातच राहतो. "पोट तेच, मेंदू तोच, साखर तीच. फरक कोणाच्या दारात उतरवली त्याचा." सगळे शास्त्रज्ञ हे मानत नाहीत, हेही ते प्रामाणिकपणे सांगतात. फक्त न मानणाऱ्यांचा उल्लेख ते ज्या सुरात करतात, त्या सुरात मी बिल्डरांचा करते.

आमच्या बिल्डिंगच्या मागे चाळ आहे, आणि चाळीच्या मागे यादवजींचा तबेला होता. मुंबईत म्हशी असतात हे टॉवरमधल्या लोकांना फक्त वाऱ्याची दिशा बदलली की आठवायचं. निवृत्त झाल्यावर काका रोज संध्याकाळी तिथे जात. एके दिवशी मलाही ओढून नेलं. म्हणाले, "भुकेवर लिहितेस ना. चल, भूक दाखवतो."

कोपऱ्यात एक म्हैस उभी होती. नुकतीच व्यालेली. पुढ्यात हिरवा चारा, पेंड, सगळं तसंच. बरगड्या मोजता येत होत्या, पण चेहरा शांत. यादवजी म्हणाले, "डॉक्टरसाब, खाती नहीं. लेकिन तकलीफ भी कुछ नहीं दिखती."

"तेच तर," काका मला म्हणाले. "हिचं दूध हिच्या खाण्यापेक्षा जास्त निघतंय. मग अंगातली चरबी सुटते आणि यकृताच्या दारात येऊन पडते. यकृताला काय गो, माल तो माल. बाहेरून आला काय, घरातलाच फोडला काय. ते जाळतं आणि वर कळवतं, भरलं. ही स्वतःलाच खातेय, आणि हिला वाटतंय पोट भरलंय." मग माझी मान धरून त्यांनी माझं डोकं म्हशीच्या तोंडाजवळ नेलं. "घे वास."

शेण, गवत, ओली कातडी. आणि त्या सगळ्याखाली काहीतरी गोड. पेरू पिकून सडायच्या बेताला आला की येतो तसा, त्यात जराशी नेलपॉलिश पुसायच्या औषधाची झाक.

"गोड," मी म्हटलं.

काकांचा चेहरा उजळला. तो वास सगळ्यांना येत नाही म्हणे. यादवजींची हयात म्हशींत गेली, त्यांना येत नाही. काका शिकवायचे त्या कॉलेजातल्या अर्ध्या पोरांना यायचा नाही. "तुका नाक असा," काका म्हणाले. ते मूळचे मालवणचे, पण मालवणी त्यांच्या तोंडून फक्त खूश झाले किंवा हळवे झाले की निघते. "अतिचरबी जळली की त्याचा धूर तोंडात येतो. तो हा. आणि एक ध्यानात ठेव. जिला झालंय तिला हा वास कळत नाही. स्वतःचा स्वतःला येत नाही."

औषध साधं होतं. गुळाचं पाणी, शिरेतून ग्लुकोज. शिवाय त्यांनी यादवजींना सांगितलं की हिला एकटी कोपऱ्यात ठेवू नको, शेजारी एखादी खादाड म्हैस बांध. ती चरायला लागली की ही तोंड घालेल.

"हे पण यकृतात बसतं का?" मी टोमणा मारला.

"नाही बसत," काका म्हणाले. "पण लागतं."

तोंड हुंगायची ही सवय मूळ त्यांची नव्हेच. ती वत्सलाकाकूंची. नवरा रोज तबेल्यांतून येतो आणि तबेल्याच्या वाटेवर देशी दारूचं दुकान आहे, एवढ्यावरून काकूंनी लग्न झाल्या झाल्या दारातच सुरू केलं, "आ करा." काका दारू पीत नसत. पण काकू शाळेत शिकवायच्या आणि शिक्षकाला तपासणी बंद करता येत नाही. शेवटपर्यंत रोज संध्याकाळी, चप्पल काढायच्या आधी, आ. "कधी कांदा ओळखायची, कधी परस्पर खाल्लेली भजी ओळखायची," काका सांगायचे. "मी फक्त तिच्या पद्धतीचा शास्त्रीय उपयोग केला." काकू जाऊन दोन वर्षं झाली. काका हा किस्सा हसवायला सांगतात आणि ऐकणारे हसतात. मीही हसायचे.

काकू गेल्यावर काका संध्याकाळचा डबा तबेल्यातच घेऊन जात. पोळीभाजी केंद्रातला डबा, खाटेवर बसून, समोर म्हशींची रांग. "घरात जेवायला काय झालं?" आईने एकदा विचारलं. "घरात कोण रवंथ करतं?" काका म्हणाले. आईला तो विनोद वाटला.

मग यादवजींनी तबेला विकला. म्हशी ट्रकांत चढवून पालघरच्या पलीकडे गेल्या. बिल्डरने आठवड्याभरात पत्रे ठोकले, आणि त्या पत्र्यांच्या आत चाळीची वाट गेली. चाळीतल्या बायका त्या वाटेनेच रेशनला, दवाखान्यात आणि पोरांना शाळेत सोडायला जात. आता नाल्याच्या कडेने मोठा वळसा पडायचा, आणि पावसात त्या कडेला पाय ठरत नाही. चाळीतल्या शैलाताई तिथेच घसरल्या आणि हात मोडून आल्या. मी तीन पत्रकं काढली. बिल्डरच्या माणसाने तिन्ही घेतली, घडी घातली, आणि त्यांवर भेळ खाल्ली. हे मी स्वतः पाहिलं. चौथं पत्रक मी काढलं नाही. पत्र्याला लागून मांडव घातला, बॅनर लावला, 'आमची वाट आम्हाला द्या. बेमुदत उपोषण', आणि बसले.

आईने दोन तास माझ्याशी अबोला धरला, मग बोलली ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. काका पहिल्याच संध्याकाळी आले. मला वाटलं यकृताच्या नावाने मलाही उठवतील. त्यांनी खुर्ची ओढली, आ करायला लावला, "अजून काही नाही" म्हणाले, डोळ्यांखालची कातडी चिमटीत धरून सोडली आणि बाटलीकडे बोट दाखवलं. "पाणी पी. मीठ घाल त्यात. हरायचं असेल तर सभेत हर, किडनीत नको."

रोज यायचे. दुसऱ्या दिवशी मला भुकेने रडू येत होतं. शैलाताईंच्या पोराच्या हातातल्या बिस्किटाकडे मी ज्या नजरेने पाहिलं ती नजर कुठल्याही पत्रकात बसणारी नव्हती. मग हळूहळू ती भूक ओसरली. डोकं हलकं, हातपाय थंड, आणि आत एक विचित्र समाधान. मी काकांना अभिमानाने सांगितलं, "आता त्रास होत नाही. मनाचा निर्धार."

"निर्धार नाही, चरबी," काका म्हणाले. "कारकुनाने घरातला माल फोडलाय. वर कळवतोय, भरलं. आता सांभाळ. ओरडणारी भूक बरी असते." त्यांनी वास घेतला आणि मान हलवली. "आला. पेरू."

मला माझा वास अजिबात आला नाही. हळूच तळहात तोंडाशी धरून फुंकर मारून पाहिली. नाहीच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काका उशिरा आले. जिन्यावरून उतरताना थांबत आल्यासारखे. खुर्चीत बसले आणि मला बिल्डरच्या वकिलाने काय कळवलंय ते विचारायला वाकले. बोलत होते आणि मला वास आला. गोड. सडायला आलेला पेरू.

आधी वाटलं माझाच. मग आठवलं, माझा मला यायचा नाही. मी मान वळवून शैलाताईंच्या बाजूला श्वास घेतला. तंबाखू. परत काकांकडे वळले. पेरू.

त्यांच्याकडे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल होती. मनगटातलं घड्याळ कोपराकडे सरकलेलं. आणि चेहरा शांत, अगदी त्या म्हशीसारखा.

"काका, काल काय जेवलात?"

"काल नव्हती भूक."

"परवा?"

"डबा आणला होता."

"खाल्लात?"

"गो, डॉक्टर मी आहे. उपाशी तू आहेस. प्रश्न कोणी विचारायचे?"

"आ करा," मी म्हटलं.

ज्या माणसाने अख्ख्या अंधेरीला तोंड उघडायला लावलं, तो ओठ मिटून बसला. शैलाताई प्लास्टर घातलेला हात सावरत उठल्या आणि जवळ आल्या. काकांनी एकदा पत्र्यांकडे पाहिलं. पत्र्यांच्या पलीकडे जिथे खाट असायची तिथे आता सिमेंटच्या गोणी होत्या. मग त्यांनी हळूच तोंड उघडलं. मी वाकले. शंका राहिली नाही.

मला राग आला. दुसरं काही यायला हवं होतं, पण मला कुठल्याही गोष्टीवर आधी रागच येतो. "उपोषण माझं आहे," मी म्हटलं. "मी जाहीर करून बसलेय. बॅनर आहे, मागणी आहे, पोलिसांना कळवलंय. तुमचं कुणी जाहीर केलं? पत्रक कुठंय तुमचं? मागणी काय आणि कुणाकडे?"

काका बोटातली अंगठी फिरवत राहिले. ती आता सहज फिरत होती.

"माझो माका येणा नाय गो," ते म्हणाले. "आणि ज्येका येयचो, ती नाय."

शैलाताईंनी पुढचं विचारलंच नाही. चाळीत जाऊन पेज आणली, उकड्या तांदळाची, वर गुळाचा खडा. काकांपुढे वाटी ठेवली. काकांनी ती बघितली आणि मान फिरवली. अगदी हुबेहूब. थाळीवरून तोंड फिरवणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"घरी घेऊन जातो," काका म्हणाले.

"घरी कोण रवंथ करतं?" मी म्हटलं. आणि शैलाताईंना म्हटलं, "ताई, तुम्ही बसा. इथेच. तुम्ही जेवा आधी."

शैलाताईंना कळलं की नाही देव जाणे, पण त्यांनी चाळीकडे तोंड करून हाक मारली, आणि बायका आपापली जेवणं घेऊन आल्या. कुणी भात, कुणी सुकट, कुणी शिळी भाकरी चहात बुडवून. काकांच्या दोन्ही बाजूंना बसल्या आणि जेवायला लागल्या, नळाच्या भांडणावर तावातावाने बोलत. काका बघत राहिले. मग वाटी उचलली. एक घोट. मग दुसरा.

हे सगळं 'बेमुदत उपोषण' लिहिलेल्या बॅनरखाली चाललं होतं. माझ्या शेजारी सुकट खाल्ली जात होती, आणि मला भूक नव्हती. माझं यकृत वर कळवत होतं की सगळं ठीक आहे. त्याच वेळी रस्त्यापलीकडून बिल्डरचा माणूस मोबाईलवर शूटिंग करत होता.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. 'उपोषणाच्या मांडवात मेजवानी.' माझ्या संघटनेतले उरलेले चौघे धावत आले. एक म्हणाला, वाट लागली यार, लगेच खुलासा काढू, हे गृहस्थ उपोषणाला बसलेले नाहीत, आपला त्यांच्याशी संबंध नाही. चार ओळींचं काम होतं. मी आयुष्यभर खुलासे काढत आलेय, मुद्देसूद, ठळक अक्षरात. मी कागद घेतला आणि 'आपला त्यांच्याशी संबंध नाही' हे वाक्य लिहायला गेले. नाही लिहिलं. म्हटलं, फिरू दे.

फिरला. लोकांनी आम्हाला ढोंगी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ढोंग बघायला म्हणून जेवढी गर्दी आली तेवढी आमच्या सभेला कधी आली नव्हती. त्यांनी नाल्याची कडही पाहिली आणि शैलाताईंचा हातही. काकाही आले, स्वतःच्या पायांनी, हातात रिकामी वाटी घेऊन. पेज आहे का विचारायला.

पुढे बिल्डरने एका बाजूचा पत्रा काढून फाटक बसवलं. संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यावर माझं पत्रक तयार आहे. आई मला लिंबूपाणी पाजायला आली तेव्हा काकांनी आधी माझं तोंड हुंगलं, मग तिला म्हणाले, "हळूहळू दे. कारकुनाला सवय मोडलीय."

आता मी रोज संध्याकाळी चौथ्या मजल्यावर जाते. काकांना ते आवडत नाही. मी शास्त्रीय पद्धतीचा दुरुपयोग करते, असं त्यांचं म्हणणं आहे. कधी शैलाताईंकडे जेवून येतात, कधी आमच्याकडे, कधी मला फसवायला बडीशेप चघळून ठेवतात. मी दारातच उभी राहते.

"आ करा."

"चप्पल तरी काढू दे."

"आधी आ."

काका डोळे मिटतात आणि तोंड उघडतात. काल तळलेला बांगडा, लसूण, आणि वर ताकाचा आंबूस वास. भयंकर होता. मी म्हटलं, "ठीक," आणि त्यांना आत जाऊ दिलं.